नऊ नंबरचं गाणं

दौऱ्याला दोन दिवस उरले असताना ठरलेल्या ड्रायव्हरने कच खाल्ली. हा बँडमधल्या मिस्त्रीचा मावसभाऊ. महिनाभर "मी आहे ना" म्हणत छाती पुढे काढून फिरत होता, आणि ऐनवेळी त्याला सख्ख्या मेव्हण्याचं लग्न आठवलं. मेव्हण्याचं लग्न ही काही अचानक आठवायची गोष्ट नव्हे. पण त्याने काखा वर केल्या त्या केल्याच.

बँडमध्ये माणसं तीन आणि नाव "सुटे पैसे". मिस्त्री गिटार वाजवायचा आणि दिवसा वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. ड्रम वाजवणाऱ्याला सगळे भूकंप म्हणत. हा दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचा, तेही इतक्या हलक्या हाताने की सुई निघाल्यावर लोक विचारत, "टोचणार कधी?" दिवसभर वाचवलेला सगळा जोर तो संध्याकाळी ड्रमवर काढायचा. तिसरी गाणारी. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. घरात ती सून होती आणि आपणही तिला सूनच म्हणू, कारण पुढचं सगळं तिच्या सासूबाईंमुळे घडलं.

गाडी मिस्त्रीच्या मालकाची. पांढरी व्हॅन, दोन्ही बाजूंना हसरं वॉशिंग मशीन रंगवलेलं. मिस्त्रीने ती एकदा फाटकावर घातली होती, तेव्हापासून त्याला चावीला हात लावायची बंदी होती. भूकंपला गाडी लागायची. सुनेला सायकलपलीकडे काही येत नव्हतं. चार गावं, चार कार्यक्रम, पोस्टरं छापून झालेली, आणि गाडी चालवायला माणूस नाही.

"आई आहे की," त्या रात्री सुनेचा नवरा ताटावरून मान वर न करता म्हणाला.

सासूबाई अठ्ठावीस वर्षं शहराच्या बस चालवून गेल्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, "बँडचं नाव काय?"

"सुटे पैसे."

"बरं आहे. अठ्ठावीस वर्षं मागून तेवढंच ऐकू यायचं," सासूबाई म्हणाल्या. "किती वाजता निघायचंय?"

इकडे सुनेचं धाबं दणाणलं. का, ते सांगायला तीन वर्षं मागे जायला हवं. लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. दुकानाला सुट्टी होती. सासूबाई पहाटेची पाळी करून अडीचला घरी येत आणि शेजारच्या खोलीत आडव्या होत. सून आपल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करता करता हलक्या आवाजात एक गाणं रचत होती. "वाळत घातलंय मन दोरीवर, उन्हा, जरा थांब." पहिलं कडवं सरसर जमलं. दुसऱ्यापाशी ती अडली आणि थांबली. तेवढ्यात मधल्या भिंतीवर दोनदा वाजलं. टक, टक.

सुनेने जीभ चावली. उन्हातान्हात बस चालवून आलेल्या बाईची झोपमोड केली, आणि तीही नव्या सुनेने! तिने कानाला खडा लावला. त्या दिवसापासून घरात गाणं बंद. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "घसा बसलाय." तीन तीन वर्षं कोणाचा घसा बसून राहत नाही, पण नवरा असल्या बाबतीत खोलात जाणाऱ्यातला नव्हता. गाणं तिथेच अर्धं राहिलं. बाकीची आठ गाणी तिने मिस्त्रीच्या दुकानात, उघड्या पडलेल्या मशीनांच्या गर्दीत बसून रचली आणि ती सगळी चांगली, दणदणीत होती. पण हे नववं तिच्या जिवाचं होतं. हे एक पूर्ण करून लोकांसमोर म्हणता आलं तर आपण गाणाऱ्या, नाहीतर चष्मेवाल्या, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

मिस्त्री आणि भूकंपने ते अर्धं गाणं एकदाच ऐकलं आणि कार्यक्रमाच्या यादीत नवव्या नंबरवर लिहून टाकलं.

"अरे, दुसरं कडवं नाहीये!"

"दौऱ्याचे चार दिवस आहेत, होईल," मिस्त्री म्हणाला.

"मी यात फक्त ब्रशने वाजवणार आहे," भूकंप म्हणाला. त्याने खरंच तारेचे दोन ब्रश विकत आणले होते आणि ते चष्म्यासारखे डबीत ठेवले होते. "आयुष्यात पहिल्यांदा हळू वाजवणार आहे गं. एवढी संधी दे मला."

निघायच्या सकाळी सासूबाई नऊला दहा कमी असताना गाडीपाशी हजर. आधी चारही टायरना लाथ मारून झाली, मग आरसे पुसून झाले, मग त्यांनी सामानाकडे बघून "हे असं भरतात?" म्हटलं आणि सगळं खाली उतरवायला लावलं. ड्रम सगळ्यात आत, त्यावर गाद्या, स्पीकर चाकांच्या वर, गिटार उभी. पुन्हा भरल्यावर एक माणूस झोपेल एवढी जागा उरली. मिस्त्री खजील झाला. मशीनं लादण्यात त्याची हयात गेली होती. डॅशबोर्डवर त्यांनी एक कागद चिकटवला: निघणे ९.१०, चहा १०.४०, पाय मोकळे करणे १२.१५, भूकंपची उलटी ऐच्छिक.

"मावशी, हे शेवटचं काय?" भूकंपने विचारलं.

"पुढे बसायचं, समोर बघायचं, फोन बघायचा नाही. मग वेळ वाचेल," सासूबाई म्हणाल्या. आणि गंमत म्हणजे चारही दिवस तो वेळ वाचला. त्या गाडी अशी चालवायच्या की कपातला चहा हलायचा नाही.

पहिल्या गावात शाळेचा हॉल होता आणि माणसं सव्वीस. त्यातले चार शाळेचे शिपाई, हॉल बंद करायला थांबलेले. पण दुसऱ्या गाण्याला शिपायांनीच ठेका धरला आणि मग काय, बाकीचे मागे कशाला राहतात! आठवं गाणं संपलं. मिस्त्रीने सुनेकडे पाहिलं. सुनेने मान हलवली आणि "धन्यवाद" म्हणून टाकलं. भूकंपने ब्रशची डबी मुकाट्याने खिशात घातली.

सासूबाई हॉलमध्ये आल्याच नाहीत. गाडीत बसून राहिल्या.

"गाडीवर लक्ष नको?" त्या म्हणाल्या.

गाडी रिकामी होती. सामान सगळं स्टेजवर होतं. सुनेने ते बोलून दाखवलं नाही. तिला वाटलं, नसेल ऐकायचं तर नसेल, जबरदस्ती थोडीच आहे? वाटलं खरं, पण लागलंही.

दुसऱ्या गावात ते व्हॅन लावतात न लावतात तोच एक बाई समोरच्या इमारतीतून धावत आली. गाडीवरचं हसरं मशीन बघून तिला देव भेटल्याचा आनंद झाला होता. "तीन दिवस झाले, पाणीच जात नाहीये!" मिस्त्रीने "आम्ही कार्यक्रमाला आलोय" सांगून पाहिलं. मग उसासा टाकला, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि तिच्यामागे गेला. पाइपातून एक मोजा निघाला. संध्याकाळी ती बाई अख्खी इमारत घेऊन आली. पहिल्या रांगेत बसून प्रत्येक गाण्यानंतर ती शेजारणीला सांगत होती, "हाच तो! आमचं मशीन यानेच केलं." त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. आठ गाण्यांनंतर लोक उठेनात, तेव्हा पहिली दोन पुन्हा वाजवली. नववं तसंच राहिलं.

तिसऱ्या गावी सायकलच्या दुकानामागचं अंगण होतं. तिथेही आठच.

चौथ्या दिवशी सकाळी सामान भरून झालं. सासूबाई स्टिअरिंगशी बसल्या आणि आठच गाण्यांपुढे खुणा असलेल्या यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे नऊ नंबर रोज रद्द का होतं गं? आमच्या रूटवर असं केलं असतं तर लोकांनी काचा फोडल्या असत्या."

शेजारी बसलेल्या सुनेने यादीची घडी करून पिशवीत टाकली. मागे भूकंपने दार धाडकन लावलं आणि ओरडला, "चला मावशी!"

गाडी हलली नाही.

"मावशी, झालं भरून! चला!"

सासूबाई समोर बघत बसलेल्या.

"बिघडली का काय?" मिस्त्रीने विचारलं.

"बिघडतेय कशाला? बेल कुठे आहे?" सासूबाई म्हणाल्या. "तीन दिवस मी आपली स्वतःच्या मनाने काढतेय गाडी, पण हाताला बरं वाटत नाही. दार लावलंस ना, मग दोनदा वाजव पत्र्यावर. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे जाऊ दे पुढे. दोन वाजल्याशिवाय अठ्ठावीस वर्षांत मी गाडी हलवलेली नाही."

भूकंपला वाजवायला सांगणं म्हणजे काय! त्याने पुढे चढता चढता दोन असे हाणले की हसऱ्या मशीनच्या गालाला पोचा आला. गाडी सुरेख निघाली.

सून मात्र जागच्या जागी थिजली होती. दोन. त्या दुपारीही दोनच होते. तिने मनातल्या मनात ते पुन्हा ऐकलं. टक, टक. मोजायला फार नव्हतंच, तरी तिने तीनदा मोजलं.

"आई," ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी... मी दुपारची गात होते. तुम्ही भिंतीवर वाजवलं होतंत."

"हो मग! मस्त चाललं होतं तुझं आणि मध्येच थांबलीस. म्हटलं, का थांबली? दिली डबल बेल," सासूबाई आरशात बघत म्हणाल्या. "तर तू गाडी थेट डेपोत नेऊन लावलीस. पुन्हा म्हणून काढली नाहीस."

"मला वाटलं, गप्प बस म्हणताय!"

सासूबाईंनी गाडी बाजूला घेतली. वेळापत्रकात नसताना थांबण्याची चार दिवसांतली ही पहिलीच वेळ होती.

"गप्प बस म्हणायला मला तोंड नाही का?" त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, "मला वाटलं, मी ऐकलेलं तुला आवडलं नाही. नवी मुलगी, तिचं तिचं काही असेल, आपण कशाला कान लावायचे? म्हणून तर हॉलात येत नाही मी. म्हटलं, मला बघून ही पुन्हा बंद पडायची."

"रिकाम्या गाडीवर लक्ष ठेवत होतात!"

"गाडीला काचा आहेत की, कोणी फोडल्या तर?" सासूबाई म्हणाल्या.

सुनेला हसू आलं, रडू आलं, आणि दोन्हींचं मिळून जे होतं ते बराच वेळ चाललं. तीन वर्षं! एका भिंतीच्या अलीकडे एक बाई गात नव्हती आणि पलीकडे एक बाई वाट बघत होती. मागून मिस्त्रीने रुमाल पुढे केला. त्याला ग्रीसचा वास होता.

"आज येणार ना आत?"

"बघू," सासूबाई म्हणाल्या आणि गिअर टाकला. "पाच मिनिटं गेली. चहा कापावा लागेल."

सुनेने वेळापत्रकाचा कागद काढून घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. तीन वर्षं अडलेलं कडवं पुढचं गाव यायच्या आत उतरलं.

शेवटचा कार्यक्रम वाचनालयात होता. कपाटं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडलेल्या, आणि दाराशी शिस्तीच्या ग्रंथपालबाई. सुनेने पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची राखून ठेवली. पहिलं गाणं झालं, चौथं झालं, आठवंही झालं. लोक रंगात आले होते. खुर्ची रिकामीच.

भूकंपने डबी उघडून ब्रश काढले आणि लहान मुलासारखा तिच्याकडे बघत राहिला. आता नाही म्हणायची तिची छाती होईना.

"वाळत घातलंय मन दोरीवर," तिने सुरू केलं. ब्रश ड्रमवर सरकले आणि भूकंपच्या हातातून इतका मऊ आवाज निघाला की मिस्त्रीनेच वळून पाहिलं. वाचनालय खरोखर वाचनालयासारखं शांत झालं. पहिलं कडवं संपलं. आणि नेमकं तिथेच, जिथे तीन वर्षं अडलं होतं तिथेच, तिचं डोकं कोरं झालं. सकाळी लिहिलेला एकही शब्द आठवेना. कागद गाडीत राहिलेला. मिस्त्रीने तीच सुरावट पुन्हा फिरवली, मग आणखी एकदा. खुर्ची रिकामी. आता "धन्यवाद" म्हणून मोकळं व्हावं, असं तिच्या मनात आलं.

टक, टक.

सगळ्या माना मागे वळल्या. मागच्या दाराशी, चौकटीला टेकून, हातात गाडीची चावी घेऊन सासूबाई उभ्या होत्या. पहिल्या गाण्यापासून तिथेच होत्या. तिथून स्टेजही दिसत होतं आणि गाडीही. ग्रंथपालबाई तरातरा त्यांच्याकडे निघाल्या. "अहो बाई, आवाज करू नका! कार्यक्रम चाललाय!"

"त्यांना काही बोलू नका," सून माइकवर म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "त्या माझ्या सासूबाई आहेत. त्यांनी वाजवल्याशिवाय मी पुढे जात नाही."

आणि दुसरं कडवं तिला आठवलं: "वारा सुटला तर सुटू दे, चिमटे आहेत दोन."