काचेवरचा कागद

मिस्तरीचं काम काय, तर बंद पडलेली दुकानं मोडायची. मोडायची म्हणजे हातोडा घालून नव्हे हं. एकेक स्क्रू काढायचा, फळ्या सुट्या करायच्या, काचा जुन्या चादरीत गुंडाळायच्या आणि सगळं धडपणे ट्रकात चढवून मालकाच्या गोदामात नेऊन टाकायचं. तिथून ते दुसऱ्या कुणा हौशी माणसाच्या दुकानात जायचं. त्यानेही गाशा गुंडाळला की पुन्हा मिस्तरी हजर. काही काउंटर तर त्याच्या चांगल्या ओळखीचे झाले होते. "आलात का परत?" असं तो त्यांना मनातल्या मनात विचारायचा आणि कामाला लागायचा.

दुकानाचे मालक कधी बाजूला उभे राहून डोळे पुसत, कधी उगाचच बडबडत, कधी एखादी फळी हातात धरून सोडतच नसत. मिस्तरी थांबायचा. त्यांचं आटोपलं की फळी घ्यायचा. त्याला काही वाटायचं नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असून आपला नसतो ना, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता.

एकेकाळी त्याचंही दुकान होतं. खुर्च्यांचं. स्वतः केलेल्या, स्वतः घासलेल्या खुर्च्या. काउंटरवर नव्या सनमायक्याला असते ती पातळ प्लास्टिकची फिल्म त्याने काढलीच नव्हती. ओरखडे पडतील, गिऱ्हाईक यायला लागलं की काढू, असं त्याचं म्हणणं. बायको म्हणायची, "अहो, काढा ते, दुकान आजारी दिसतंय." पण ऐकेल तर शपथ! गिऱ्हाईक यायचं, बसून बघायचं, "छान आहे हो" म्हणायचं आणि जायचं. दुकान बंद झालं तेव्हाही फिल्म जागच्या जागी होती.

ते मोडून न्यायला आला होता तो हाच, आताचा गोदामवाला मालक. त्याचा माणूस ड्रॉवर नुसता हिसडत होता. मिस्तरीला ते बघवेना. "ओढू नका, आधी वर उचला," असं म्हणत त्याने स्क्रू ड्रायव्हर स्वतःच्या हातात घेतला, आणि अख्खं दुकान स्वतःच सोडवून ट्रकात चढवून दिलं. मालक खूश. "उद्यापासून येतोस का?" हा म्हणाला, "येतो." सुट्टीच्या दिवशी घरी एखादी खुर्ची करत जाईन, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. त्यानंतर सुट्ट्या पुष्कळ आल्या, खुर्ची एकही झाली नाही.

आता घोडं अडलं होतं ते मुलीचं. मुलगी बूट करायची. दिवसा ऑफिसात आणि उरलेल्या वेळात बाल्कनीत, लाकडी साच्यावर कातडं ताणून ठोकत बसायची. पहिला धड जमलेला जोड तिने बापाला दिला. मिस्तरीने तो पायात घातला आणि तेव्हापासून रोज तोच घालत होता. कसा आहे, हे मात्र बोलला नाही.

तिला ऑफिसने कायम करायचं ठरवलं होतं. त्याच सुमाराला तिच्या मैत्रिणीने आपल्या कारखान्यातली अर्धी खोली देऊ केली होती. दोघांनाही उत्तर हवं होतं. आठवडाभरापूर्वी जेवताना मुलीने सरळ विचारलं, "बाबा, तुम्ही करून बघितलंय. मला एकच सांगा. तेव्हा दुकान टाकलंच नसतं तर बरं झालं असतं, असं वाटतं का?"

"सांगतो," मिस्तरी म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही "सांगतो". तिसऱ्या दिवशी बायको कावली. "अहो, तोंडात काय गुळणी धरून बसलाय? पोरगी काहीतरी विचारतेय!" पण त्याला खरंच सापडत नव्हतं काय सांगायचं ते. आत हात घालून बघावं तर सगळं बधिर. आठवडा भरला त्या सकाळी तो निघाला तेव्हा मुलगी दारात आली. "बाबा, आज रजा घेऊन घरीच आहे मी. ऑफिस सुटायच्या आत मला फोन करून कळवायचंय."

"दुपारी लवकर येतो. आलो की सांगतो," असं म्हणून तो जिना उतरला.

मालकाने पत्ता सांगितला होता तो असा: औषधाच्या दुकानाला लागून, काचेला आतून खाकी कागद लावलेलं, चावी औषधवाल्याकडे. औषधवाल्यापुढे खोकणाऱ्यांची गर्दी. "दुकानाच्या कामाला आलोय," मिस्तरी म्हणाला. "मिस्तरी ना? घ्या," असं म्हणून त्याने न बघताच चावी पुढे केली आणि डावीकडे मान उडवली. उजवीकडच्या दुकानाच्या काचेलाही खाकी कागद होता, पण तिकडे बघतो कोण.

आत नेहमीचंच दृश्य. रिकाम्या फळ्या, कोपऱ्यात न फोडलेली खोकी, एक स्टूल. तसं पाहिलं तर तिथे बऱ्याच गोष्टी ओरडून सांगत होत्या. स्क्रूंवर धूळ नव्हती. फळ्यांमागची भिंत आणि बाकीची भिंत एकाच रंगाची होती. आणि काउंटरवरची फिल्म तशीच होती. दुसऱ्या कुणाच्याही डोक्यात ताबडतोब उजेड पडला असता, की अरे, हे तर अजून उघडायचंय! मिस्तरीने फिल्मवरून बोट फिरवलं. "यांनी पण नाही काढली," एवढंच त्याच्या मनात आलं, आणि त्याने पहिला स्क्रू सोडवला.

हात सफाईदार होता. बघता बघता फळ्या खाली आल्या, काचा गुंडाळल्या गेल्या, काउंटरचे चार तुकडे होऊन भिंतीला टेकले. तेवढ्यात दार उघडलं. केस पांढरे झालेली एक बाई नवीकोरी पाटी छातीशी धरून उभी. तिच्या मागून औषधवाला.

"अहो, हे काय करून ठेवलंत!" औषधवाल्याने कपाळाला हात लावला. "हे सिस्टरचं दुकान! उद्या उघडतंय! पाटी लावायला मिस्तरी येणार होता, मला वाटलं तो तुम्हीच! तुमचं ते बंद पडलेलं खेळण्यांचं, ते पलीकडचं!"

आता ही बाई आकांडतांडव करणार, हे गृहीत धरून मिस्तरी मान खाली घालून उभा राहिला. पण सिस्टर आयुष्यभर इस्पितळात नर्सची नोकरी केलेली. तिने पाटी भिंतीला लावून ठेवली आणि एका खोक्यावर बसली.

"तुम्हाला हे बंद पडलेलं वाटलं?"

"हो."

"उघडायच्या आधीच?" आणि ती हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ते नुसतंच पाणी राहिलं. "माझ्या बहिणी हेच म्हणतायत सहा महिने. आता तुम्ही तर करूनच दाखवलंत."

"संध्याकाळच्या आत होतं तसं करून देतो," मिस्तरी म्हणाला. मालकाला फोन लावला. मालकाने पलीकडून जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माल न्यायला आलेला ट्रक रिकामाच परत गेला.

मग तो जोडायला बसला. सोडवताना माणूस विचार करत नाही. जोडताना करावा लागतो. ही फळी आधी की ती? बिजागरी कुठल्या बाजूची? कितीतरी वर्षांत त्याने काही जोडलं नव्हतं. काउंटरचा एक पाय मुळातच आखूड होता, आधीच्या सुताराने तसाच ढकललेला. मिस्तरीने खाली पातळ पट्टी ठोकली आणि काउंटर डुगडुगतो का ते हाताने दाबून बघितलं. परत बघितलं. डुगडुगत नव्हता. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तो जरा घाबरलाच.

सिस्टर खोक्यांतून लोकरीचे गुंडे काढत होती. आयुष्यभर रात्रपाळीत ती विणकाम करत आली होती, आता लोकरीचं दुकान टाकत होती. "तुम्ही इतकी दुकानं बघता," ती म्हणाली, "खरं सांगा, माझं चालेल?"

"मला काय कळणार?" मिस्तरी म्हणाला. "मला बंद झालेलीच बोलावतात. चालणाऱ्या दुकानात माझं काय काम?"

हे बोलून तो स्वतःच थांबला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की दुकानांतलं आपल्याला सगळं कळतं.

"तुमचं होतं कधी?"

"खुर्च्यांचं होतं. बुडालं."

"वाईट वाटतं?"

"नाही. काहीच वाटत नाही." हातातला स्क्रू त्याने फिरवला. "तेव्हा वाटायचं. दुकान होतं तेव्हा. सकाळी कुलूप काढताना पोटात गोळा यायचा. कुणी खुर्चीवर बसलं की जीव वरखाली व्हायचा. रात्री घरी जाताना रडूही यायचं. तेव्हा सगळं वाटायचं." मग तो म्हणाला, "बुडालं ते एकदाच बुडालं. पण नंतर मी पुन्हा कशाला हात लावला नाही, ते चुकलं."

हेच ते. आठवडाभर आत चाचपडून जे हाताला लागत नव्हतं ते हेच. मुलीला हेच सांगायचं होतं. त्याने खिशातून फोन काढला. नंबर समोर आला. मग त्याला वाटलं, असली गोष्ट फोनवर बोलतात होय? घरी जाऊ, समोर बसू, नीट सांगू. फोन परत खिशात गेला.

काम संपत आलं तेव्हा सिस्टरची नजर खाली गेली. "बूट कुठून घेतलेत हो? शिवण काय सुरेख आहे."

"मुलीनं केलेत."

"मला करून देईल? उभं राहून राहून माझ्या अंगठ्याशी हे एवढं हाड वर आलंय. एकही बूट सहन होत नाही बघा." मिस्तरी हो म्हणायच्या आत तिने काचेवरचा कागद टरकन काढला, जमिनीवर पसरला आणि त्यावर अनवाणी पाय ठेवला. मिस्तरीने कानावरची पेन्सिल काढली आणि गुडघ्यावर बसून आधी एका पायाची, मग दुसऱ्या पायाची रेघ ओढली. हाडापाशी पेन्सिल जपून बाहेर वळवली. काचेतून ऊन आत आलं होतं. निघताना त्याने काउंटरवरची फिल्म एका टोकाला धरून सर्रकन काढून टाकली. सिस्टर "अहो अहो!" म्हणाली. "राहू द्यायची नसते," तो म्हणाला.

कागदाची सुरळी काखेत घेऊन तो जवळजवळ पळतच घरी आला. जिना चढताना वाक्य घोळवत होता. दुपार कधीच सरून गेली होती.

मुलगी ऑफिसचा शर्ट इस्त्री करत होती. बाल्कनीचं दार लावलेलं होतं.

"कळवलंस?" त्याने विचारलं.

"हो. नोकरीला हो म्हटलं. खोली दुसऱ्या कुणाला तरी दे, असं मैत्रिणीला सांगितलं."

"अगं, मी सांगणार होतो. येऊन सांगणार होतो."

"आठवडाभर गप्प होतात, बाबा. त्यातून जे समजायचं ते मी समजले." आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती. काहीच नव्हतं. तो आवाज मिस्तरीच्या ओळखीचा होता; तो त्याचाच होता.

इंजेक्शन उतरलं की दाढ ठणकायला लागते. तसं त्याला छातीत दुखलं. कितीतरी वर्षांनी दुखलं, आणि चांगलंच दुखलं. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती.

त्याने सुरळी पुढे केली. "एका बाईंना बूट हवेत. तुझ्याकडूनच हवेत म्हणतात."

मुलीने इस्त्री बाजूला ठेवली आणि कागद पलंगावर उलगडला. हाडापाशी रेघ बाहेर वळली होती तिथे तिचं बोट आपोआप गेलं. "इथे कातडं मऊ लागेल," ती म्हणाली. मग तिने बोट उचललं, कागदाची घडी घातली आणि कपाटावर ठेवून दिली. "बघेन सुट्टीच्या दिवशी."

मिस्तरी मटकन खुर्चीवर बसला. पायातल्या बुटांकडे बघत राहिला.

"हे बूट टोचत नाहीत," तो म्हणाला. "अजिबात टोचत नाहीत. पहिल्या दिवसापासून."

"माहीत आहे," मुलीने शर्टाची दुसरी बाही पसरली. "टोचले असते तर बोलला असतात."

"नाही गं. टोचले असते तरी नसतो बोललो."

तिचा हात थांबला. तो घरी आल्यापासून पहिल्यांदाच तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"मग मला कसं कळणार होतं, बाबा?"