दोन नंबरच्या टाकीतला तास

"काका, खरं सांगा, एक नंबर आणि दोन नंबरच्या टाकीतले मासे काढताना एकत्र झाले का?"

संशोधक मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. मत्स्यकेंद्राचे पंपमिस्त्री पाना हातात घेऊन दारातच थबकले.

"मी माशांना हात लावत नाही, मॅडम. आपलं राज्य पाइपापर्यंत."

"मग नमुन्यांना चिठ्ठ्या लावताना माझाच घोटाळा झाला. एक नंबरच्या माशांना दहा महिने धारेत पोहायला लावलं, दोन नंबरच्यांना निवांत ठेवलं. पोहणाऱ्यांच्या स्नायूत नवे धागे जास्त दिसायला हवेत. पण दोघांचेही सारखेच! चार वेळा मोजले. आता केंद्रप्रमुख सरांना सांगते, माझी चूक झाली म्हणून. दहा महिने फुकट."

खाई त्याला खवखवे.

झालं होतं असं. आठ महिन्यांपूर्वी मिस्त्रींची बायको जिन्यावरून पडली आणि पाय मोडून बसली. प्लास्टर निघालं तेव्हा पोटरीची नुसती काठी उरली होती. "पहिल्या दिवशी दहा मिनिटं चालवा, मग वाढवत न्या," असं डॉक्टरांनी बजावलं. मिस्त्री रोज सकाळी तिला वरच्या मजल्यावरच, दारासमोरच्या बोळकांडीत चालवायचे, ती रोज त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि तिथून ते कामावर यायचे. येऊन पाहावं तर एक नंबरचे मासे धारेला भिडलेले आणि दोन नंबरचे तळाशी पसरलेले, खायला काळ नि भुईला भार. मिस्त्रींना त्यांची दया आली. आपल्या माणसाला चालवायचं आणि या मुक्या जिवांना बसवून ठेवायचं, हा कुठला न्याय? एके दिवशी त्यांनी जादाचा पंप सुरू करून दोन नंबरचा व्हॉल्व्ह दहा मिनिटं उघडला. बायको वीस मिनिटांवर गेली तसे मासेही गेले. ती तासभर चालू लागली, मासेही तासभर पोहू लागले.

आता गप्प राहिलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. पण समोर लेकीच्या वयाची पोर न केलेली चूक पदरात घ्यायला निघाली होती. ते काही मिस्त्रींना बघवेना.

"मॅडम, चिठ्ठ्या बरोबर आहेत. दोन नंबरला मी पळवलंय."

त्यांनी सगळं सांगून टाकलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रोज किती वेळ?"

"पंपाच्या वहीत आहे. मिनिटासकट."

"म्हणजे चोरीही केलीत आणि लिहूनही ठेवलीत?"

"पंप चालला की लिहावंच लागतं, मॅडम. वहीत खोटं कसं लिहिणार?"

मॅडमना रागातही हसू आलं. त्यांनी वही मागवून पानन् पान वाचली. "हे वापरता येईल, रोज तासभर पोहून काय होतं ते कळेल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण निवांत मासे नव्यानं ठेवावे लागतील. काम सहा महिने तरी लांबलं. सरांना सांगते."

"मी सांगतो."

सरांनी मिस्त्रींची बिनपाण्याने केली. ती मुकाट्यानं ऐकून मिस्त्रींनी दोन नंबरच्या व्हॉल्व्हचं हँडल काढलं आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मॅडमनी ते खणात टाकलं.

"या, बघा तरी काय केलंत ते."

मिस्त्रींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जाडजाड गोल धागे, आणि त्यांच्या फटीफटीत अगदी बारीक.

"ते बारीक नवे. मासा मोठा झाला तरी येत राहतात."

"आणि माणसाला?"

"आपल्याला नवे जवळजवळ नाहीतच, काका. आहेत तेच जाड होतात."

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. मिस्त्रींनी चपला काढायच्या आत सगळी हकीकत सांगितली. ती पोट धरून हसली.

"माशांनाही सोडलं नाहीत! म्हणजे माझ्या पायात नवं काही आलेलं नाही म्हणा."

"नाही. आहेत तेच जाड झालेत."

तिनं वाकून पोटरी चाचपली. "पुरेत की. आजवरचा संसार त्यांच्यावरच केला." आणि बोळकांडीकडे न वळता ती जिन्याकडे निघाली. पडल्यापासून ती एकटी खाली उतरली नव्हती. मिस्त्रींनी घाईनं हात पुढे केला.

"हात नको. मागून या."

ती कठड्याला धरून उतरू लागली आणि मिस्त्री एक पायरी मागे राहून उतरत गेले.