उपाशी माणसाचं वजन

काचेच्या कारखान्यात भट्टीसमोरच्या माणसाला तहान लागेपर्यंत कोणी थांबत नाही. घंटा झाली की भिंतीतली खिडकी उघडते. बाहेर कॉफी आणि रस विकणाऱ्या मावशीची गाडी लागलेली असते आणि प्रत्येकानं येऊन आपला पेला घ्यायचा असतो. जो घेणार नाही त्याला मुकादम भट्टीपासून बाजूला बसवतो. मागे एक जण नुसत्या पाण्यावर राहिला, पोटऱ्यांत गोळे येऊन काच वाहून नेणाऱ्या तापल्या पट्ट्यावर पडला आणि त्याचा हात गेला, तेव्हापासूनचा हा नेम. खायला मात्र आत बंदी. काचेची कणी घासातून पोटात गेली तर आतडं कापत जाते. त्यामुळे त्या माणसांच्या लेखी खाणं ते खाणं, पिणं म्हणजे काहीच नाही. आत गेलं आणि घामातून बाहेर आलं, एवढाच त्याचा हिशेब.

पैलवान तरणा होता तेव्हापासून त्या भट्टीवर होता. कुस्ती तो कधी खेळला नव्हता, पण दारात उभा राहिला की घरात अंधार व्हायचा, म्हणून हे नाव पडलं. त्याला एकच लेक. अंगानं आईवर गेलेली, बारीक, म्हणून ती चिमणी. शिवणाच्या कारखान्यात कॉलर लावायच्या कामावर होती. एक दिवस तिचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, आणि इस्पितळात गेल्यावर कळलं की दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलंय. तेव्हापासून तिला आठवड्यातून तीनदा मशीनवर झोपवून रक्त धुवून घ्यावं लागायचं.

आपलं एक मूत्रपिंड द्यायचं तर आईचं रक्त जुळलं नाही. बापाचं जुळलं. त्या दिवशी पैलवान इस्पितळाच्या जिन्यात बसून रडला. पण डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. तुमचं वजन फार आहे आणि साखर काठावर आहे. दोन्ही खाली आणा, मग आम्ही चाकू हातात घेऊ. किती दिवसांत, असं बायकोनं विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की मुलीचं हृदय मशीनचा ताण वर्षभर तरी झेलेल, त्यापुढचं ते बोलणार नाहीत.

त्या संध्याकाळपासून पैलवानानं ताट बाजूला सारलं. आहार सांगणाऱ्या बाईंनी उकडलेल्या भाज्या आणि मूठभर भात सांगितला होता, तोही तो अर्धाच खायचा. दुपारचा डबा त्यानं बंदच केला. बायको बळेबळे द्यायची आणि तो तसाच परत आणायचा.

या घरात आणखी एक गोष्ट होती. चिमणीला पाणी मोजून असायचं. दिवसाची एक छोटी बाटली, त्यातच गोळ्या गिळायच्या, त्यातच तोंड ओलं करायचं. जीभ टाळूला चिकटायची तेव्हा ती बर्फाचा खडा गालात धरून बसायची. ते बघून पैलवानानं मनाशी ठरवलं होतं की पोरीच्या देखत आपण थेंब घ्यायचा नाही. पाण्याची घागर बायकोनं मोरीच्या पडद्यामागे नेऊन ठेवली. पैलवान कारखान्यातून पिऊन यायचा, नळाशी मिशा धुवायचा आणि कोरड्या तोंडानं घरात शिरायचा. सकाळी निघेपर्यंत पेल्याला हात लावायचा नाही. त्यामुळे हा माणूस काय पितो आणि किती पितो, हे घरात कोणी पाहिलेलंच नव्हतं.

पहिल्या महिन्यात काटा हलला नाही. बाई म्हणाल्या, होतं असं, अंगाला सवय लागायला वेळ लागतो. दुसऱ्या खेपेला वजन थोडं वर गेलं होतं. तिसऱ्या खेपेला आणखी थोडं. बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं की खरं सांगा, काय खाता. पैलवानानं खरंच सांगितलं. बाईंचा विश्वास बसला नाही, आणि दाराशी उभ्या बायकोचाही त्या दिवसापासून उडाला.

ती त्याच्या सदऱ्याचा वास घेऊ लागली. खिसे उलटे करून कण शोधू लागली. कारखान्याच्या रस्त्यावरच्या बेकरीवाल्याला जाऊन विचारून आली. काहीच सापडेना, तसा तिचा संशय वाढत गेला, कारण उपाशी माणूस फुगतो हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. त्यालाही ते कळत नव्हतं. भुकेनं त्याच्या पोटात आग पडायची, डोकं जड व्हायचं, आणि तरी काट्यावर उभं राहिलं की तोच चोर ठरायचा.

तिचा भाऊ, म्हणजे चिमणीचा मामा, रिक्षा चालवायचा आणि भाचीला मशीनवर न्यायचं-आणायचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. जिभेला हाड नसलेला माणूस. एका संध्याकाळी भाचीला सोडायला आला तेव्हा पैलवान भिंतीला टेकून बसला होता. मामानं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"दाजी, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचार."

"चाकूची भीती वाटते तर तसं सांगा. आम्ही समजून घेऊ. पण खाऊन खाऊन वेळ काढू नका. पोरगी मोजतीय दिवस."

बायकोनं भावाला गप्प केलं नाही, ती तवा घासत राहिली. पैलवानाला मेव्हण्याच्या शब्दांपेक्षा तवा घासल्याचा तो आवाज जास्त लागला. तो उठला, बाहेर गेला आणि नळाशी बराच वेळ उभा राहिला. नळ सोडला मात्र नाही, कारण खिडकीतून चिमणीला दिसलं असतं.

चिमणी आतून सगळं ऐकत होती. बाप खोटं बोलतो यावर तिचा विश्वास नव्हता. लहानपणी तिनं शेजाऱ्याच्या झाडाचा पेरू खाल्ला तर हा माणूस संध्याकाळी जाऊन सांगून यायचा.

मशीन नसलेल्या एका दुपारी ती बापाचा विसरलेला डबा घेऊन कारखान्यावर गेली. खरं तर तो विसरला नव्हता, ठेवून गेला होता. फाटकाच्या कडेनं ती भिंतीच्या खिडकीशी पोहोचली आणि मावशीच्या गाडीशेजारच्या बाकावर दम खात बसली. मावशीनं तिला ओळखलं. पैलवानाची पोर म्हणून तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि काही देऊ का असं विचारून स्वतःच जीभ चावली.

"राहू दे मावशी, मला मोजून असतं," चिमणी हसून म्हणाली. "तुम्ही तुमचं काम करा, मी नुसती बघते."

तिला बघायला आवडायचं. तहानलेल्या माणसाला दुसऱ्याचा पेला भरताना बघणंही पुरतं कधीकधी. मावशीच्या मोठ्या पातेल्यात सकाळपासून दूध आटत होतं. तिनं डब्यातलं घट्ट गोड दूध त्यात उपडं केलं, डबा पाण्यानं विसळून तेही ओतलं. असे रिकामे डबे गाडीखाली रचलेले होते. शेजारी फळांच्या रसाची बरणी, त्यात पाकाचे डाव आधीच पडलेले. घंटा झाली, खिडकी उघडली, हात पुढे आले. पैलवानाचा पेला वेगळा होता, इतरांच्या दीडपट. मावशीनं त्यात थंड कॉफी ओतली, वर सायीचा जाड थर सोडला, आणि साखरेच्या डब्यातला चमचा मुद्दाम उचलून बाजूला ठेवला.

"तुझ्या बापानं सांगितलंय, साखर नको म्हणून. मी एक दाणा टाकत नाही त्याच्या पेल्यात," मावशी अभिमानानं म्हणाली. "लेकरासाठी जेवण सोडलंय त्यानं. उपाशी माणूस भट्टीपुढे मरेल की. म्हणून मी साय टाकते. कॉफी झाली की रस देते. माझ्याकडून तेवढंच."

पैलवानानं खिडकीतून हात घालून पेला घेतला. आत लाल उजेड होता, त्याला बाहेरची लेक दिसली नाही. त्यानं डोळे मिटून एका दमात पेला रिकामा केला. मिशीवरची साय जिभेनं पुसली आणि दुसरा मागितला. चिमणीनं बापाला असं पिताना कितीतरी महिन्यांनी पाहिलं. तिला आधी बरं वाटलं. मग गाडीखालच्या डब्यांकडं तिची नजर गेली.

ती बाकावरून उठली. जेवणाचा डबा तसाच घेऊन घरी आली.

त्या संध्याकाळी तिनं बापाला समोर बसवलं. दर घंटेला पेला घेता का, असं विचारलं. घ्यावाच लागतो, नाही तर मुकादम उभं राहू देत नाही, तो म्हणाला. दुपारी डब्याऐवजी दोन घेतो, तेवढीच भूक भागते. मावशी साखर घालत नाही. मला तर गोडही लागत नाही. एवढी वर्षं तीन चमचे घालून पिणाऱ्या जिभेला ते कसं लागणार होतं.

"आणि पिण्यानं काय होतं गं? ते घामात जातं."

"बाबा, मशीनवर चढवायच्या आधी माझं वजन करतात," चिमणी म्हणाली. "दोन दिवसांत मी जेवढं प्यायले तेवढी मी जड झालेली असते. प्यायलेल्याला वजन असतं, बाबा. तुमचं पाणी घामात जात असेल. साखर आणि साय कुठं जाते?"

पैलवान हातांच्या तळव्यांकडं बघत राहिला. काच फुंकायच्या नळीनं ते दगडासारखे झाले होते. बायको दारात उभी होती. ती आत गेली आणि पडद्यामागच्या घागरीशी बसून राहिली.

पुढच्या खेपेला हे ऐकून आहार सांगणाऱ्या बाईंनी आकडेमोड केली आणि पेन खाली ठेवलं. एकेक पेला एकेका जेवणाच्या वरताण होता. त्या म्हणाल्या, मी काय खाता ते विचारलं, काय पिता ते विचारलं नाही. असं बोलून त्यांना हलकं वाटलं असावं. पैलवानाला काही वाटलं नाही, त्याचं लक्ष काट्यावर होतं.

त्यानं मीठ आणि लिंबू घातलेलं पाणी सुरू केलं. मुकादमानं कुरकुर केली, मग पोरीसाठी म्हणून मान हलवली. मावशीला त्यानं सांगितलं की डॉक्टरांनी दूधच बंद केलंय. खरं सांगायची हिंमत त्याला झाली नाही, आणि सांगून तरी काय, तिनं प्रेमच तर ओतलं होतं. दुपारी तो डब्यातल्या भाज्या खाऊ लागला. वजन साबण झिजावा तसं उतरत गेलं. सोबतचे म्हणू लागले, पैलवान, पंख्याखाली उभा राहू नको, उडशील. मामानं एकदा रिक्षात बसताना त्याला हात दिला आणि बरंच काही गिळून टाकलं. घरात पुन्हा हळूहळू बोलणं सुरू झालं. चिमणीनं बापासाठी इस्पितळात घालायचा ढगळ सदरा शिवला, कॉलर न लावता, कारण झोपलेल्या माणसाला कॉलर टोचते.

वर्ष संपत आलं तेव्हा डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. वजन पाहून ते खूश झाले. मग रक्ताचा निकाल आला आणि त्यांनी तो दोनदा वाचला. आणखी एकदा रक्त काढलं. तोच निकाल.

"साखर आता काठावर राहिली नाही," ते म्हणाले. "हा मधुमेह आहे. उरलेल्या एका मूत्रपिंडावर मी तुम्हाला सोडू शकत नाही. काही वर्षांत तुम्हीही त्याच मशीनवर याल."

"मी जातो की मशीनवर," पैलवान म्हणाला. "मला चालेल. तिला तेवढं त्यातून काढा."

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. बायकोनं विचारलं, हे पिण्यामुळे झालं का. ते म्हणाले, वजन होतं, घराण्यातही असेल, नुसतं त्यानंच झालं असं सांगता येणार नाही. पण त्या पेल्यांनी ढकललं, एवढं नक्की. मामा लगेच बाही वर करून उभा राहिला, माझं रक्त बघा म्हणाला. बघितलं. जुळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पैलवान भट्टीवर गेला. खिडकीतून मावशीनं विचारलं, तारीख मिळाली का रे ऑपरेशनची. तो म्हणाला, अजून नाही. ती म्हणाली, देव करील. आणि त्याचा मोठा पेला फडक्यानं पुसून तिनं जागेवर ठेवला.

चिमणीचं नाव आता अनोळखी दात्यांची वाट बघणाऱ्यांच्या यादीत गेलं. तिथं पुढं माणसं खूप होती. तिचा श्वास पायऱ्या चढताना अडायला लागला होता.

आणि पैलवानाला नवीनच तहान लागली. साखर वाढलेल्या माणसाला लागते ती, घसा जाळणारी. गोळ्या चालू होत्या, तरी भागायची नाही. तो घरी आल्यावर ओठ चाटत बसायचा, नळाकडं बघायचा, पण उठायचा नाही. चिमणीनं हे दोन-तीन संध्याकाळी पाहिलं. तिला ते ओळखायला वेळ लागला नाही. त्या घरात तहान तिच्याइतकी कोणाला ठाऊक होती.

ती पडद्यामागे गेली, घागरीतलं पाणी पेल्यात घेतलं, काठोकाठ, आणि बापापुढं आणून ठेवलं.

"तुमच्यासमोर नको," असं तो पुटपुटला. लेकीला तो कधी तुम्ही म्हणत नसे, आज लाजेनं तसं निघालं.

"बाबा, प्या. माझ्यासमोर प्या. मला आता कोणीतरी पोटभर पिताना बघायचंय."

त्यानं पेला उचलला. पहिला घोट घशाखाली गेला तेव्हा त्याच्या गळ्याची घाटी वर झाली, खाली झाली. चिमणी ती बघत होती, आणि प्रत्येक घोटाबरोबर तिचा कोरडा गळाही वरखाली होत होता. पेला संपला. तिनं तो त्याच्या हातातून घेतला आणि पुन्हा भरायला उठली.