सातशे कापडी फुलांचं क्रॉसिंग

ह्यातला एकेक शब्द खरा हाये. मारुतीच्या पारावर उभी राहून मोठ्यानं सांगायला तयार हाये मी. खोटं निघालं तर माझी तंबाखूची चंची विहिरीत टाका.

माझी सून मीना जालन्याला बियाण्याच्या कंपनीत कामाला हाये. तिथं जुन्या जिनिंगच्या गोदामात चित्रांचं म्युझियम झालं, आन् त्यांचं मीनाच्या कंपनीसंगं जुळलं. कंपनीचं कार्ड दाखवलं की तिकीट न्हाई. नवं प्रदर्शन लागू द्या न्हाईतर कार्यक्रम असू द्या, सगळं फुकट. पण ते ऑफिसातल्या लोकांसाठी. आमी केदारखेड्याच्या बाया कंपनीच्या कपाशीवर राबतो, आमी हंगामी. मीना साहेबाच्या मागंच लागली, की ह्या बायांना बी कार्ड द्या, त्या काय कमी काम करतेत का. साहेब शेवटी म्हणला, कार्ड देतो, एक बार नेऊन पाहा. काही मोडलं तर बायांचे कार्ड बंद, आन् जबाबदारी तुझी. मीनानं सही करून दिली.

आमी अकरा जणी एका क्रुझरमधी बसून गेल्तो. दारावरच्या वॉचमनच्या मिशा इतक्या लांब, की एक दारात आन् दुसरी तिकिटाच्या खिडकीत. आत एसी असा, की माझ्या तोंडातल्या तंबाखूला हुडहुडी भरली. एका चित्रातल्या म्हशीनं तर माझ्याकडं पाहून शेपूट हलवलं. मीना घडीघडी सांगून राह्यली, हात पाठीमागं धरा. आमी बराबर धरले.

आतल्या दालनात मातर कपाशीचं शेतच उभं. झाडं कापडाची, फुलं कापडाची, सातशे फुलं. मीनानं पाटी वाचून दाखवली: क्रॉसिंग करणाऱ्या बायांच्या मेहनतीवर हे केलंय. आमाला लई बरं वाटलं. मीना ऑफिसात आमचे नावं लिहायला गेली, आन् आमी जवळ जाऊन पाह्यलं. सगळं क्रॉसिंगच चुकलेलं.

क्रॉसिंग म्हणजे असं. दुपारून कपाशीची कळी सोलायची, आतला पिवळा नर नखानं काढून टाकायचा, आन् खूण म्हणून तांबडा दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल तिच्यावर घासायचं, मंग बी धरतं. दोरा बांधलेल्या फुलात नर राह्यला तर बी खराब, सुपरवायझर आख्खी ओळ रद्द करतो. आन् हितं सातशे फुलांना दोरे बांधलेले, आत पिवळ्या लोकरीचा नर तसाच. एकूणएक फुलात.

आमच्यातल्या चतुराबाईचा हात पाठीमागून कवा सुटला, कुणाला कळलं न्हाई. तिनं नख लावलं, लोकर बाहेर. मंग दुसरं फूल. ओळ धरल्यावर बाईचा हात थांबतो व्हय? बाकीच्या दहा जणी बी लागलो. मीना येईस्तोवर चार ओळी साफ.

मीना तिथंच फरशीवर बसली. "आत्या, मी सही केलती ना," एवढंच बोलली. म्युझियमचा मॅनेजर पळत आला, म्हणला कार्ड जमा करा. आमी मुकाट्यानं काढून दिले. मीनाकडं पाहायची माझी हिंमत होईना.

मागून तृप्ती नावाची एक किडकिडीत पोरगी आली. हे शेत तिनंच आठ महिने बसून शिवलेलं. खाली पडलेली लोकर पाहून तिचे डोळे भरले. कुणी सुरू केलं, म्हणून विचारलं.

"चतुराबाईनं," मी म्हणले. "पण पोरी, तांबडा दोरा म्हणजे नर काढलेला. तुझ्या शेतात दोरा बी हाये आन् नर बी हाये. आमच्या हातून असं झालं तर आमाला घरी पाठवतेत."

तिनं एक फूल उघडून आत पाह्यलं. "मी फोटोवरून केलं," ती म्हणली. "आतलं काही दिसलंच नाही."

"मंग प्लॉटवर यायचं होतं. चहा बी पाजला असता."

तिनं डोळे पुसले आन् मॅनेजरकडं वळली. "यांची कार्डं देऊन टाका. माझंच चुकलंय. उरलेली फुलं आता यांच्याच हातून होऊ द्या."

मीना फरशीवरून उठली ती थेट माझ्या शेजारी येऊन नख चालवायला लागली. तृप्ती बी शिकली. मी तिला दटावून राह्यले, हळू, मादी मोडली तर बोंड लागायचं न्हाई. कापडाला बोंड, म्हणून पोरगी हसत सुटली. दिवस मावळायच्या आत सातशेच्या सातशे साफ. माझा हात असा चालला, की त्या वाऱ्यानं एसी बंद करावा लागला.

कार्ड आमच्याकडंच राह्यले. पुढल्या म्हैन्यात म्युझियमचा कार्यक्रम हाये, तिथं बी फुकट चाललो. ज्या बाईनं पहिली चूक धरली तिला तृप्ती स्टेजवर शाल देणार हाये. चतुराबाईनं नवं लुगडं घेतलं, आन् गावभर मिरवून राह्यली.

आता मातर बोलावंच लागतं. चतुराबाई त्या दिवशी हसनाबादला लेकीकडं होती. मी भ्याले, आन् तोंडात तिचं नाव आलं. पहिलं नख माझं. तेवढी एक गोष्ट मी रचली.