तात्पुरती सोय

उस्तादांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्या थंड केल्या. भाजीपाल्याची शीतगृहं, दवाखान्यातले औषधांचे फ्रीज, मोठमोठ्या साहेबांच्या केबिनी. चाळीस वर्षं या धंद्यात काढल्यावर उकाडा हा लोकांना होणारा आणि आपण जाऊन बरा करायचा आजार आहे, अशीच त्यांची समजूत झाली होती. तो स्वतःला झाला म्हणजे कसं वाटतं, हे त्यांना बहात्तराव्या वर्षी मुलाच्या ट्रेलरमध्ये कळलं.

ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून सहलीला न्यायची चाकांवरची खोली. आत एक अरुंद पलंग, घडीचं टेबल, पातेल्याएवढं बेसिन आणि छपरात मधोमध एक झरोका. मुलाने तो हौसेने घेतला आणि दोनदा सहलीला नेला. दुसऱ्या वेळी नवरा-बायकोचं वाटेतच असं बिनसलं की परतताना सून बसने आली. तेव्हापासून ट्रेलर मागच्या अंगणात विटांवर टेकून उभा होता.

थंडी संपता संपता घराला रंग द्यायचं निघालं. मुलगा म्हणाला, "बाबा, रंगाच्या वासाने तुम्हाला खोकला होतो. दहा-पंधरा दिवस ट्रेलरमध्ये झोपा. तात्पुरती सोय." उस्तादांनी अंगात लोकरी कोट चढवला, दोन सदरे, एक रेडिओ आणि औषधांचा डबा उचलला आणि अंगण ओलांडलं. रंग वाळला, वास गेला, रंगारी आपल्या शिड्या घेऊन गेले. उस्तादांच्या खोलीत मात्र जागच्या जागी चालायचं एक भलंमोठं मशीन येऊन बसलं, कारण मुलाला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मुलगा त्यावर मोजून आठ दिवस चालला. नवव्या दिवसापासून त्यावर टॉवेल वाळू लागले. त्या खोलीतला एसी उस्तादांनीच कधीकाळी आपल्या हाताने बसवला होता. म्हणजे आता टॉवेल एसीत आणि माणूस अंगणात, अशी वाटणी झाली.

"मला आत घ्या" असं म्हणणाऱ्यांपैकी उस्ताद नव्हते. ज्या घराचं कर्ज आपण फेडलं, त्या घरात आपण अर्ज करून शिरायचं? छट्! ते मूग गिळून बसले आणि उन्हाळ्याची वाट बघू लागले. उन्हाळा हा त्यांच्या हातातला एकमेव हुकमाचा पत्ता होता. ट्रेलरचं छप्पर तापायला लागलं की कोणालाही दिसेल, इथे म्हातारा माणूस राहू शकत नाही.

उन्हाळा आला आणि उस्तादांनी तक्रारी सुरू केल्या. आयुष्यात ज्याने कधी ताटात मीठ कमी आहे असंही म्हटलं नव्हतं, तो माणूस रोज सकाळी चहाच्या वेळी सुनेला ऐकवू लागला. "काल दुपारी अंगाची नुसती लाही लाही झाली बघ." "उशी तव्यासारखी तापते ग." सून चांगली होती, तिच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसायचं. उस्ताद एका वाक्यासाठी कान टवकारून बसायचे: मग आत या ना, बाबा. पुढचं सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. दोनदा नको म्हणायचं, कशाला तुम्हाला अडचण म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, अगदीच आग्रह झाला तर, रेडिओ उचलायचा.

एका रविवारी मुलगा गाडीतून एक मोठं खोकं उतरवत आला. घामाघूम झाला होता, पण चेहरा फुलला होता.

"बाबा, ओळखा काय आणलंय! ट्रेलरच्या छपरावर बसवायचा एसी. तुमच्या उकाड्याचा प्रश्न कायमचा मिटवून टाकला."

"अरे वा," उस्ताद म्हणाले. कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "नशीब काढलंत हो! आमची पोरं पंखासुद्धा पुसत नाहीत." उस्तादांनी त्याच्याकडे बघून हात हलवला. मुलाला नावं ठेवायलाही जागा उरली नव्हती, हेच तर दुखणं होतं.

"आणि बसवायला बाहेरचा माणूस कशाला?" मुलगा खोकं फाडत म्हणाला. "घरात उस्ताद असताना!"

झालं. आपल्याच हाताने आपली रवानगी पक्की करायची वेळ आली. उस्तादांनी शिडी लावली, छपरावरचा झरोका काढला, त्याच्या कडेचा जुना चिकट थर पात्याने खरवडला. चौदा इंची चौकोनी भोक उघडं पडलं. कडेच्या आडव्या पट्ट्या त्यांनी ठोकून पाहिल्या. छप्पर भक्कम होतं, आणखी एक मशीन बसवलं तरी कुरकुरलं नसतं. मन कडू झालं होतं, पण हात मजेत होते. हातांना काय, त्यांना पाना मिळाला की ते आपल्या धन्याचं सुखदुःख विचारत नाहीत. दोघांनी मिळून धूड वर चढवलं आणि भोकावर बरोबर मध्यावर टेकवलं. खाली रबराची जाड गादी होती. मग आतून चार लांब बोल्ट, समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आळीपाळीने, गादी निम्मी दबेपर्यंत. जास्त आवळली तर गादी चिरडते, कमी आवळली तर पावसात गळते.

"मी पाणी घेऊन येतो," म्हणून मुलगा घरात गेला, आणि उस्ताद आतल्या जाळीखाली एकटे उरले.

त्या जाळीच्या आत एक पत्र्याची पट्टी असते. एका बाजूने थंड हवा खाली येते, दुसऱ्या बाजूने खोलीतली गरम हवा वर ओढली जाते, आणि मधली पट्टी या दोघींना वेगळं ठेवते. तिच्या कडा चिकटपट्टीने बंद कराव्या लागतात. नाही केल्या, तर थंड हवा खोलीत उतरायच्या आधीच परत आत ओढली जाते. मशीन घरघरत राहतं, स्वतःलाच गार करत बसतं आणि खोली तापलेलीच राहते. उस्तादांनी पट्टी हातात धरली. मग ती बोटभर बाजूला सरकवली, चिकटपट्टीचं भेंडोळं खिशात घातलं आणि जाळी लावून टाकली.

चाळीस वर्षांत मुद्दाम केलेलं हे त्यांचं पहिलं वाईट काम. स्टुलावरून उतरताना त्यांना चोरी केल्यासारखी लाज वाटली.

मशीन सुरू झालं. आवाज झकास, हवा नावाला. तासाभराने मुलगा आत येऊन उभा राहिला आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"काय गडबड झाली, बाबा?"

"ट्रेलरच तापतोय रे. मशीन तरी काय करणार? इथे उन्हाळ्यात काही खरं नाही," उस्ताद म्हणाले. वाक्य त्यांनी आधीच घोळवून ठेवलं होतं.

मुलाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो मवाळ आवाजात म्हणाला, "असू दे. वय झालं, होतं असं. मी कंपनीचा माणूस बोलावतो." मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोला जे सांगितलं, ते खिडकीतून अंगणात स्पष्ट ऐकू आलं. "हात गेला ग बाबांचा." उस्ताद पलंगावर बसून राहिले. खोलीसाठी एवढीही किंमत द्यायला ते तयार होते. फक्त खोली मिळायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, तो निघाला वॉशर. पंचवीस वर्षांपूर्वी तो उस्तादांच्या हाताखाली शिकत होता. काम करताना वॉशर तोंडात धरायची खोड होती आणि एक दिवस त्याने एक गिळला, तेव्हापासून हेच नाव. आता कानांवरचे केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. उस्तादांना पाहताच तो पाया पडायला वाकला.

"तुम्ही बसवलेलं मशीन मी काय बघायचं, उस्ताद?"

"बघ, बघ," उस्ताद म्हणाले.

मुलगा फोनवर बोलत घरात गेला. वॉशरने जाळी उघडली, विजेरी मारली आणि बराच वेळ वर मान करून उभा राहिला.

"ही पट्टी कोणी बसवली?"

"मी."

"खोटं. याच चुकीपायी तुम्ही मला भर उन्हात दोन तास छपरावर बसवलं होतंत."

उस्ताद खिडकीबाहेर बघत राहिले. वॉशर शहाणा माणूस होता. त्याने एकदा भोवती नजर फिरवली. खुंटीला सदरे, बेसिनवर दाढीचं सामान, औषधांचा डबा आणि भर उन्हाळ्यातही पलंगाच्या पायथ्याशी घडी घातलेला लोकरी कोट.

"किती दिवस झाले इथे?"

"तात्पुरतं आहे."

"किती दिवस, उस्ताद?"

"पाचवा महिना."

वॉशर स्टुलावरून खाली उतरला. आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांना काय सांगू? तुम्ही म्हणाल ते सांगतो."

"छपराला वजन पेलत नाही म्हण," उस्ताद भरभर बोलू लागले. "मशीन उतरवावं लागेल म्हण. उन्हाळ्यात इथे माणूस राहू शकत नाही, असं साफ सांग. तुझं ऐकतील ते. तू कंपनीचा आहेस." आजवर त्यांनी चेल्याला फक्त हुकूम सोडले होते. हे हुकमासारखं वाटत नव्हतं, आणि ते दोघांनाही कळलं.

वॉशरने मुलाला बोलावलं आणि पढवलेलं सगळं कंपनीच्या थाटात सांगितलं. सून चहाचे कप घेऊन पायरीशी उभी होती. उस्ताद शिडीला धरून खाली बघत होते. 'नको, कशाला तुम्हाला अडचण' हे जिभेवर तयार होतं.

"म्हणजे इथे राहणं शक्यच नाही?" मुलाने विचारलं.

"नाही, साहेब."

मुलाने बायकोकडे पाहिलं. तिने कपांकडे पाहिलं. मग त्याने एक सुस्कारा सोडला आणि खिशातून फोन काढला.

"बाबा, मी सांगणारच होतो तुम्हाला. शहराबाहेर एक जागा आहे, म्हाताऱ्या माणसांसाठीच. डॉक्टर आहे, बाग आहे, एसी तर प्रत्येक खोलीत. घराला रंग दिला तेव्हाच मी तुमचं नाव लावून ठेवलंय. आता नंबर जवळ आलाय. मला वाटलं होतं, हा उन्हाळा ट्रेलरमध्ये निघेल, पण हे असं म्हणतायत तर..."

त्याने फोन पुढे केला. फोटोत एका बाकावर सहा म्हातारे ओळीने बसले होते. सहाही जण फोटो काढणाऱ्याकडे बघत होते, एकमेकांशी कोणी बोलत नव्हतं.

"पेलतं," उस्ताद म्हणाले.

"काय?"

"छप्पर. पेलतं. काही होत नाही त्याला."

वॉशरने तोंड उघडलं. उस्तादांनी त्याच्याकडे पंचवीस वर्षांपूर्वीसारखं डोळे वटारून पाहिलं. "याला काय कळतंय? चूक माझीच होती. आतली पट्टी सरकली माझ्या हातून. वय झालं आता." मग मुलाकडे वळून ते इतक्या अजिजीने बोलले की सुनेने मान फिरवली. "वीस मिनिटांचं काम आहे रे. बस इथेच. लगेच गार करून दाखवतो."

आणि त्यांनी दाखवलं. पट्टी जागेवर आणली, खिशातून भेंडोळं काढून चारी कडा बंद केल्या, बोटाने दाबून दाबून हवा जाते का पाहिलं. वॉशर खाली उभा राहून, शिकाऊ असल्यासारखा, एकेक स्क्रू हातात देत होता. दहा मिनिटांत ट्रेलरमध्ये अंगावर काटा येण्याइतका गारवा पसरला. काम अव्वल झालं होतं. आता ते दहा वर्षं तरी बिघडणार नव्हतं.

"वा! आता तर आमच्यापेक्षा तुमचीच मजा," मुलगा पलंगावर हातपाय पसरत म्हणाला. त्याला खरोखरच आनंद झाला होता.

"मग ते नाव... काढशील ना तिथलं?"

"राहू दे की, बाबा. काढलं तर पुन्हा रांगेच्या शेवटी जावं लागतं."

वॉशरने कामाचा कागद काढला आणि टेबलावर ठेवून भरायला घेतला. ग्राहकाचं नाव लिहिलं, पत्त्याच्या रकान्यात घराचा नंबर लिहिला. मुलगा त्याच्या खांद्यावरून डोकावला.

"तसं नको. मागचं अंगण, ट्रेलर, असं स्पष्ट लिहा. नाहीतर सर्व्हिसची माणसं येऊन उगाच पुढच्या दाराची बेल वाजवतात."

वॉशरचं पेन थांबलं. तो वर बघेना की लिहीना. उस्तादांनी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं, घराचा नंबर खोडला आणि वळणदार अक्षरात स्वतःच लिहिलं, मागचं अंगण, ट्रेलर. खाली 'काम समाधानकारक झाले' असं छापलेलं होतं. तिथे त्यांनी सही केली.