दोन दारांची खोली

इतिहासात पहिला वर्ग मिळाला, त्याच आठवड्यात वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी मला शनिवारपर्यंत खोली सोडायला सांगितलं. मी वडिलांना फोन केला. आई गेल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं होतं आणि त्या नव्या संसारात जागेची इतकी टंचाई होती, की माझं नुसतं नाव निघालं तरी कुणाला तरी सरकून बसावं लागायचं.

"तुझी खोली आता बाळाची झालीय गं," वडील म्हणाले. "पण तू शिकलेली आहेस. करशीलच काहीतरी."

शिकलेल्या माणसाला छप्पर लागत नाही, हे मला कुठल्याच पेपरात आलं नव्हतं. दोन बॅगा आणि एक उशी घेऊन मी मैत्रिणीच्या बाहेरच्या खोलीत मुक्काम ठोकला. तिचा नवरा सज्जन होता. फक्त सकाळी माझ्या अंथरुणाला वळसा घालून जाताना असा उसासा सोडायचा की पडदे हलायचे.

घरं दाखवणारा एजंट मला स्कूटरवरून फिरवायला लागला. पहिला मालक निवृत्त अधिकारी होता. त्याने मला आरोपीसारखं समोर बसवलं.

"नोकरी?"

"शोधतेय."

"वडील हमी देतील?"

"नाही."

"भाऊ, काका, मामा, कुणीतरी?"

"कुणी नाही."

"मग आहे तरी काय तुमच्याकडे?"

"पहिला वर्ग."

त्याने मला चहासुद्धा विचारला नाही. दुसऱ्या घरी खोली झकास होती, पण तिच्यात जुळी मुलं होती आणि ती भाड्यातच धरलेली होती. सांभाळायची मी. तिसऱ्या ठिकाणची 'स्वतंत्र खोली' म्हणजे ताडपत्री लावलेली गॅलरी निघाली.

"हवेशीर आहे," मालकीण म्हणाली.

"हवेशिवाय दुसरं काही नाहीच आहे," मी म्हणाले, आणि एजंटने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

आठवडाभराने मैत्रिणीने खाली बघत सांगितलं की रविवारी तिच्या सासूबाई येतायत. शुक्रवारी एजंटने एका बैठ्या घरापुढे स्कूटर थांबवली.

"हे बघ, इथं दोघी सख्ख्या बहिणी राहतात. वडील गेल्यापासून, सहा वर्षं झाली, एकमेकींशी बोलत नाहीत. तू फक्त खरं बोल. इथं ते चालण्यासारखं आहे."

घराच्या उजव्या भागात थोरली, शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. डाव्या भागात धाकटी. ती कपडे शिवायची, तिला सगळे मावशी म्हणत. मधली खोली वडिलांची. तिला दोन्हीकडे उघडणारी दोन दारं, आणि ती कुणाची यावरून सगळं महाभारत. शेवटी वकिलाने वैतागून सांगितलं होतं की तिथं भाडेकरू ठेवा. पण आधीचा भाडेकरू असा जोरदार निघाला, की त्याच्या वकील मेहुण्याने खोलीच गिळायचा घाट घातला होता.

दोघी आपापल्या दारात खुर्च्या टाकून बसल्या. मी मध्ये उभी.

"नोकरी?" बाईंनी विचारलं.

"नाही."

बाईंचा चेहरा उजळला.

"घरचे? भाऊबिऊ? ओळखीतला वकील?" मावशींनी विचारलं.

"कुत्रंसुद्धा नाही मावशी."

"बाई गं," मावशी प्रेमाने म्हणाल्या. "किती छान!"

आयुष्यात पहिल्यांदा माझी सगळी नालायकी एका जागी कामाला आली. नोकरी लागेपर्यंत भाडं नाही, त्याऐवजी दोघींचे निरोप इकडून तिकडे पोचवायचे, असं ठरलं. रविवारी सासूबाई येण्याच्या तासभर आधी मी उशी उचलली.

पहिला निरोप सोमवारी सकाळी.

"तिला सांग," बाई म्हणाल्या, "नऊच्या आत ते मशीन खडखडलं तर उचलून गटारात टाकीन."

मी पलीकडे गेले. "बाई विचारतायत, नऊनंतर मशीन सुरू करायला जमेल का?"

"तिला सांग, तू मेलीस तरी मशीन थांबायचं नाही."

मी परत आले. "मावशी म्हणाल्या, बघते."

मी हे काही पुण्य म्हणून केलं नाही. मध्ये उभं राहून दोन्हीकडून थुंकी कोण अंगावर घेणार? पण परिणाम भलताच झाला. मंगळवारी मशीन सव्वानऊला सुरू झालं. बाई दचकल्या. बुधवारी त्यांनी मावशींसाठी अर्धी पपई कापून दिली, "वाया जाईल म्हणून, दुसरं काही नाही." मावशींनी बाईंच्या जुन्या स्वेटरची बाही नीट करून पाठवली, "बघवत नाही म्हणून." तिसऱ्या आठवड्यात दोघींच्या शिव्यांमधली हवाच गेली. मला निरोपात बदल करायला काही उरेना.

मग एका दुपारी बाई म्हणाल्या, "या खोलीत आम्ही दोघी रेडिओ ऐकायचो गं. बाबा मध्ये झोपलेले असायचे."

या बायका एक झाल्या, तर मी कुठं? पुन्हा गॅलरी, पुन्हा ताडपत्री.

त्याच आठवड्यात बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी मावशी मशीनवर वाकून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिला सांग, उद्या मी येते सोबत."

मी पलीकडे गेले. बाई पिशवी भरत होत्या.

"काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हणाले. "त्यांना काम आहे उद्या."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी टॉवेलची घडी मोडली, पुन्हा तशीच घातली आणि पिशवीत ठेवली.

इकडे येऊन मी मावशींना सांगितलं, "बाई म्हणाल्या, गरज नाही." सुईत दोरा ओवायला मावशींना चार वेळा प्रयत्न करावा लागला.

सकाळी बाई एकट्याच टॅक्सीत बसल्या. पायरी नीट दिसत नव्हती, पायाने चाचपत होत्या. मी खिडकीतून बघत होते. मला माझीच अशी किळस आली की अंगावरची कातडी काढून वाळत घालावीशी वाटली. पाच मिनिटं मी खोलीत येरझारा घातल्या. मग डावीकडचं दार ढकललं.

"मावशी, मी खोटं बोलले. दोन्हीकडे. खोली जाईल म्हणून."

मावशींनी मला शिव्या दिल्या नाहीत. त्यांना वेळच नव्हता. गळ्यात मोजपट्टी, दोन पायांत दोन वेगळ्या चपला, अशा त्या रस्त्याला लागल्या आणि मी त्यांच्या मागे.

दवाखान्यात बाई बाकावर बसल्या होत्या. नर्स फॉर्म भरत होती. "सोबत कोण?" तिने विचारलं.

"मी," दारातून मावशी ओरडल्या.

बाईंनी डोळे बारीक करून बघितलं. सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य होतं, "गळ्यात मोजपट्टी घालून आलीस, येडे!"

"तुला काय दिसतंय? तू गप बस, ताई."

मग दोघी अशा भांडल्या की नर्सने दोनदा दटावलं. मी मध्येच सगळं कबूल केलं. ऑपरेशनचं आणि आधीचेही सगळे निरोप. वाटलं, आता इथंच मला दोघी मिळून फाडतील. पण दोघी वेगळ्याच गोष्टीवर चिडल्या.

"मी 'मेलीस तरी' म्हटलेलं हिने सांगितलंच नाही?" मावशी म्हणाल्या.

"आणि माझं गटाराचं? ते मी रात्रभर जागून ठरवलं होतं!"

बाईंना आत नेलं. मावशी बाकावर बसल्या, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चहा आण. पुन्हा असं केलंस तर केस कापून हातात देईन. हे मात्र जसंच्या तसं लक्षात ठेव."

बाई डोळ्यावर पट्टी बांधून घरी आल्या. दोन दिवसांनी मला बोलावणं आलं. मी बॅगा भरूनच गेले.

"निरोपांचं काम संपलं," बाई म्हणाल्या. "दुपारी आम्ही दोघी मधल्या खोलीत बसणार. रेडिओ आणलाय. तू तेव्हा बाहेर पडायचंस आणि नोकरी शोधायचीस. बाकी वेळ खोली तुझी."

"आणि ते अर्ज इथं ठेवून जा," मावशी म्हणाल्या. "काल एक वाचला. कसला रडका लिहितेस!"

म्हणजे त्यांनी माझ्या वस्तूही उचकल्या होत्या. मला राग आला, आणि माझं मलाच नवल वाटलं, कारण महिनाभर मी इतकी लाचार होते की रागावणं विसरूनच गेले होते.

"एक अट आहे," मी म्हणाले. "दोन्ही दारांना आतून कडी हवी."

"आमच्या घरात? कडी?" दोघी एका सुरात म्हणाल्या.

"कडी."

बाईंनी पट्टी नीट केली. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. मावशींनी तोंड वाकडं केलं, पण गुरुवारी सुतार त्यांनीच बोलावला.

नोकरी लागायला पुढे अडीच महिने लागले, एका संग्रहालयात, कपाटांतल्या वस्तूंच्या पाट्या लिहायची. पण त्या गुरुवारी संध्याकाळीच, सुतार गेल्यावर, मी दोन्ही कड्या लावल्या आणि पलंगावर पाय पसरून बसले. थोड्या वेळाने डावीकडचं दार वाजलं. मावशीच होत्या, चपलांचा आवाज ओळखू येत होता.

"कोण आहे?" मी विचारलं. उगाचच. विचारता येत होतं म्हणून.