भेकरांच्या वाटेवरचा कॅमेरा

मी एक कॅमेरा बोलतोय. लग्नात मिरवणारा नाही आणि कुणाच्या गळ्यात लटकणाराही नाही. पनवेलजवळच्या करंजाड्यामागच्या डोंगरावर ऐनाच्या बुंध्याला पट्ट्याने बांधलेला, मळकट हिरवा डबा म्हणजे मी. समोरून ऊब असलेला कुठलाही जीव गेला की मी जागा होतो, फोटो काढतो आणि पुन्हा डुलकी घेतो. काम एवढंच. पण त्यापायी जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला आठवत नाही. डोळा उघडला तो सुनीती मॅडमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर. मॅडम पनवेलला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांच्या खिडकीतून हा डोंगर दिसतो आणि पहाटे भेकराचं ओरडणं ऐकू येतं. भेकर म्हणजे शेळीएवढं, लाजाळू हरीण. कळप करून राहत नाही. घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. सोसायटीतले लोक म्हणायचे, "मॅडम, कुत्री असतील ती."

डोंगर फोडून पलीकडे रस्ता न्यायचं चाललं होतं. त्याच्या अहवालात लिहिलं होतं, इथे दखल घेण्यासारखे वन्यप्राणी नाहीत. मॅडमनी हरकत घेतली. उत्तर आलं, पुरावा आणा. एका भेकराचा एक फोटो चालणार नव्हता. वेगवेगळी जनावरं, तारखेसकट, आणि तीही पावसाळ्याआधीच्या सुनावणीपर्यंत.

मॅडमनी दोन जातीचे कॅमेरे नमुन्याला मागवले. एक मी. दुसरा माझ्यापेक्षा देखणा. अंधारात लख्ख पांढरा फ्लॅश मारून रंगीत फोटो काढणारा. माझ्याजवळ डोळ्यांना न दिसणारा उजेड होता, त्यामुळे माझे संध्याकाळनंतरचे फोटो राखेसारखे करडे.

परीक्षा झाली ती डोंगराच्या पायथ्याशी, गावठाणात कुंदनच्या अंगणात. कुंदन मॅडमचा जुना विद्यार्थी, आता एका गोदामात सुपरवायझर. त्याची आई केशरबाई, आणि शेजारच्याच ओट्यावर त्याचे काका, गोटीराम. कुंदनचे वडील लवकर गेले, तेव्हापासून काकांनीच त्याला वाढवलं.

दिवेलागणीला आम्हा दोघांना माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलं, कारण भेकराची उंची तेवढीच. केशरबाईंची शेळी समोरून नेली. दुसऱ्याचा फ्लॅश उडाला तशी शेळी उधळली, दोरी हिसकून थेट सुपात ठेवलेल्या सुकटीवर गेली.

"गेली माजी सुकट," केशरबाई म्हणाल्या.

त्या कॅमेऱ्याच्या फोटोत शेपटीचा गोंडा तेवढा आला होता. मग शेळीला माझ्यासमोरून नेलं. ती रवंथ करत शांतपणे गेली, आणि माझ्या फोटोत तिचं तोंड, कान, पोट, सगळं होतं.

"हाच," मॅडम म्हणाल्या. "जनावराला कळलंच नाही पाहिजे."

माझ्यात सिमकार्डही बसायचं, म्हणजे फोटो थेट मॅडमच्या मोबाइलवर. कुंदन म्हणाला, "प्रत्येक फोटो लगेच पाठवू दे ना." पण तसं केलं तर बॅटरी आठवडाभरही टिकली नसती. शेवटी ठरलं, मी फोटो साठवायचे आणि सकाळ-संध्याकाळ एकदम पाठवायचे.

गोटीराम काका हे सगळं ओट्यावरून बघत होते. "डोंगरान काय हाय? कुत्री भुकतान," ते म्हणाले. "रस्ता आला त आपल्या जमिनीला किंमत येल, कुंदन. तू कोनाच्या बाजूनं हायस?"

दुसऱ्या दिवशी कुंदननेच मला डोंगरावर नेऊन ऐनाला बांधलं. माझ्या जातीचे आणखी काही इकडेतिकडे बांधले, पण सिमकार्ड फक्त माझ्यात, कारण नेटवर्क फक्त याच वळणावर येतं.

सुरुवातीला मी फार फसलो. उन्हाने तापलेलं गवत हललं तरी फोटो काढायचो. सरपणाची फाटी गोळा करणाऱ्या बाया गेल्या, व्यायामाला आलेले लोक गेले. एकाने तर उकिडवं बसून माझ्या काचेत बघत केस विंचरले. मुंगूस आलं, साळिंदर आलं. आणि एका संध्याकाळी, करवंदीच्या जाळीतून, पाय मोजून टाकल्यासारखी ती आली. भेकराची मादी. उजवा कान फाटलेला. मागे पाडस.

मॅडमनी त्या फाटक्या कानावरून तिची ओळख ठरवली. पुढे शिंगवाला नर मिळाला, मग दुसरी मादी. पुरावा जमत होता. कुंदन दर रविवारी येऊन माझी काच पुसायचा आणि म्हणायचा, "अजून थोडे दिवस, बाबा." आपल्या घरी तो हल्ली काकांसमोर जेवायला बसत नाही, हेही त्याने मॅडमना इथेच, माझ्यासमोर सांगितलं.

सुनावणी जवळ आली होती. त्या दुपारी वाटेवर पावलं वाजली. गोटीराम काका आले, एकटेच. खिशातून त्यांनी तारेचं वेटोळं काढलं. मोटारसायकलच्या क्लचची केबल. खाली बसून त्यांनी तिचा फास केला, एक टोक कुड्याच्या खोडाला आवळलं आणि वाटेवर पाला पसरला. हात सराईत होते. जनावरंच उरली नाहीत तर रस्ता कोण अडवणार, असं ते पुटपुटले. मला कुठल्या झाडाला बांधलंय ते त्यांना माहीत नव्हतं, मी त्यांना दिसलोच नाही. मी मात्र त्यांचा फोटो काढला. चेहरा स्वच्छ, हातात तार.

ते खाली उतरले. फोटो माझ्या पोटात. पाठवायची वेळ अजून झाली नव्हती.

ऊन करवंदीवरून सरकत गेलं. वाटेवर एक मुंगूस आलं, फासाच्या कडेने गेलं. मग बराच वेळ कुणी नाही. मी इतक्या आतुरतेने फोटो पाठवायच्या वेळेची वाट कधीच पाहिली नव्हती.

वेळेआधी ती आली. पाडस पुढे, ती मागे. पाडस फासावरून उडी मारून गेलं. ती थांबली. नाक उचलून तिने हवा हुंगली. मी जागा झालो, फोटो काढला, आणि तिला काही कळलं नाही. माझी निवड त्यासाठीच तर झाली होती. माझ्या जागी तो देखणा फ्लॅशवाला असता तर ती उधळून पळाली असती. मी तिच्यासमोर होतो आणि नसल्यासारखा होतो.

तिने पाऊल टाकलं. तार आवळली.

ती भुंकू लागली. ओढायची, पडायची, उठायची. पुढचा पाय तारेत अडकलेला. पाडस जाळीच्या तोंडाशी उभं. मी एकामागून एक फोटो काढत राहिलो, कारण मला दुसरं काही येत नाही. आणि मग एकदाचं, दिवस मावळताना, सगळं मॅडमच्या मोबाइलवर गेलं.

खाली काय झालं ते मला पुढे त्यांच्या बोलण्यातून कळलं. मॅडमनी कुंदनला फोन केला. "फास लावलाय. मादी अडकलीय. आणि कुंदन, लावणाऱ्याचं तोंड दिसतंय. फोटो पाठवते. बघ आणि तूच ठरव."

कुंदनने फोटो उघडून पाहिला. मग म्हणाला, "तुम्ही वनखात्याला फोन करा. मी वर जातो."

तो एकटा आला नाही. गोटीराम काकांना हाताला धरून घेऊन आला. काकांना धाप लागली होती.

"मी कायला येऊ? सोड मना," काका म्हणत होते.

"गाठ तुमची हाय, काका. मला सोडवता येणार नाही. मी ओढली तर तिचा पाय जाईल."

मादीचं भुंकणं आता घोगरं झालं होतं. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तिच्या तोंडावर टाकला.

"मान धर. घट्ट नको. पोटावर गुडगा ठेवू नको," ते म्हणाले.

ती थरथरत होती. तार कातडीत रुतली होती. काकांची बोटं दोनदा घसरली. एकदा तिने पाय झाडला आणि तारेने काकांचा तळहात चिरला. ते हलले नाहीत. तेवढ्यात जाळीतून पाडसाने बारीक आवाज काढला. काकांनी मान वर केली.

"पोर हाय तिचा?"

"हो."

त्यांनी पुन्हा गाठीत बोटं घातली. गाठ सैल झाली. टॉवेल काढला तशी ती उठली, पडली, पुन्हा उठली आणि तीन पायांवर जाळीत शिरली.

मॅडम आणि वनरक्षक पोचले तेव्हा काका वाटेवर बसले होते, हाताला तोच टॉवेल गुंडाळून. मॅडमनी कुंदनला बाजूला घेतलं. "तो एक फोटो मी..."

"नाही मॅडम. एक वगळला तर बाकीचे सगळे खोटे ठरतील. सगळे द्या." त्याने काकांकडे बघितलं. "काकांसोबत मी जातो."

काकांनी हे ऐकलं. ते उठले आणि वनरक्षकापुढे स्वतःच चालू लागले.

आता पावसाळा होऊन गेलाय. सुनावणीत फोटो मान्य झाले; रस्त्याचा नकाशा परत गेला, नवा आखतायत. डोंगर वाचला असं अजून कुणी म्हणत नाही. काका जामिनावर सुटले, केस चालू आहे. केशरबाई शेजारी काकांना डबा पोचवतात, पण कालपर्यंत काका-पुतण्या एकमेकांशी बोलत नव्हते.

माझी काच एका कोपऱ्यात तडकलीय. आणि माझं सेटिंग बदललंय. मॅडम म्हणाल्या, बॅटरी संपली तर संपू दे. आता फोटो निघाला की लगेच जातो.

काल सकाळी काका आले. रिकाम्या हातांनी. वाटेवर बसले, जाळीकडे बघत. मग माझ्यासमोर वाकले आणि थेट डोळ्यात बघून म्हणाले, "हाय का ती अजून?"

पहाटेच ती येऊन गेली होती. पण मला बोलता येत नाही.

काका बसून राहिले. काही वेळाने वाटेवर कुंदन दिसला. कामाचे कपडे, कपाळावर घाम. त्यांचा फोटो मॅडमनी त्याला पाठवला असणार. तो शेजारी बसला आणि पुढचा पाय उचललेला तिचा पहाटेचा फोटो मोबाइलवर काढून काकांपुढे धरला.

काकांनी तो दूर धरून, मग जवळ घेऊन पाहिला. "लंगडते," ते म्हणाले.

"हो. पण चालते."

काकांनी मोबाइल परत दिला नाही. तसाच हातात धरून बसले, आणि कुंदननेही मागितला नाही.

तुम्ही कधी या डोंगरावर फिरायला आलात तर माझ्यासमोर केस विंचरा, माझी हरकत नाही. फक्त वाटेवर पाल्याखाली तार दिसली तर पुढे जाऊ नका. आधी ती सोडवा. मला पाहता येतं, सोडवता येत नाही.